न चालणाऱ्या खटक्याबाबत

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बंदूक दुरुस्तीचा, आज डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी एक केले होते. त्यात बढाई फार होती, ते रद्द समजावे.

१. राहते घर, वरच्या खोल्यांसह, माझ्या पत्नीला. "आता आमच्याकडे चला" असे गोड बोलून तिला कोणी बाहेर काढू नये. तिचा स्वभाव पाहता कोणाची छाती होईल असे वाटत नाही, तरी लिहून ठेवतो.

२. बँकेतली शिल्लक पत्नी व मुलगी यांना निम्मी निम्मी. मेहुण्यांना काही नाही. त्यांनी नेलेले ड्रिल मशीन हाच त्यांचा वाटा.

३. तळमजल्यावरचे दुकान, लेथ, व्हाइस, कानशी व सगळी हत्यारे मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे तिला तोंडावर कधी म्हटले नाही, याची लाज वाटते.

४. आता जे लिहिताना कागद फाडत बसलो ते. आमच्याकडच्या कायद्याने फौजी बनावटीची रायफल नागरिकाला तशीच ठेवता येत नाही. ती एका वेळी एकच गोळी झाडेल अशी करून, तपासनीसाचा शिक्का घेऊन द्यावी लागते. हे काम मी उभा जन्म चोख केले. पण गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. फौजेतल्या रायफलीला बाजूला एक खटका असतो, एकेक गोळी की सलग हे ठरवणारा. तो मी काढायचो आणि त्या जागी तसाच दिसणारा, नुसता टक् वाजणारा खोटा खटका बसवायचो. कायद्यात त्याला मनाई नव्हती. पत्नी म्हणाली होती, "चालत नाही तर ठेवायचा कशाला? कोणाला घाबरवायला?" मी ते हसण्यावारी नेले.

समोरच्या गल्लीतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी हौसेने अशी एक रायफल घेतली. एका संध्याकाळी ते दारात उभे राहून साडूला खटका वाजवून दाखवत होते. कोणीतरी पोलिसांना कळवले. नवख्या शिपायाला फौजी रायफल दिसली, टक् ऐकू आले आणि त्याने गोळी झाडली; मास्तर जागीच गेले. मास्तरांच्या रायफलीत गोळीच नव्हती. चौकशीत मोठे साहेब म्हणाले, "काम अगदी नियमात आहे. कारागिरी उत्तम." मास्तरांच्या पत्नी समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि ते ऐकून मला बरे वाटले. त्या बरे वाटण्याची जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

५. खोट्या खटक्यांचा साचा व तयार माल माझ्या मृत्यूनंतर मोडून टाकावा. मुलगी म्हणते, "बाबा, गिऱ्हाईक तेच बघून येतं. ते नसेल तर दुकान चालवायचं कशावर?" तिचे खरे आहे. मी असेपर्यंत माझ्या हातून तिच्या पोटावर पाय नको, म्हणून मृत्यूनंतर असे लिहिले.

साक्षीदार म्हणून शेजारचे घड्याळजी आणि मास्तरांच्या पत्नी यांना बोलावले. बाईंना मी मुद्दाम विनंती केली होती. त्यांनी सारे वाचले, पेन उघडले आणि विचारले, "तुम्ही जाईपर्यंत अजून किती विकणार?" मी साच्याकडे पाहिले. "मग मी सही कशावर करू?" म्हणाल्या आणि पेन मिटले.

पुरवणी, त्याच दिवशी. कलम पाच रद्द, कारण मोडायला काही उरलेले नाही. साचा मी दोघांच्या देखत व्हाइसमध्ये धरून कापला, तयार खटके घणाने चेपले. मुलीने करवत दिली नाही, घड्याळजींकडून आणावी लागली. मुलगी मध्येच वर निघून गेली. दुकान तिचेच आहे, ते कसे चालेल हे मला सांगता येत नाही. बाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. मग त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "मी माफ केलं असं कुठे लिहू नका हं."

तसे लिहिलेले नाही.

मृत्युपत्र करणाराची सही
साक्षीदार: घड्याळजी, सही
साक्षीदार: मास्तरांच्या पत्नी, सही
स्थळ: दुकान, शटर अर्धे ओढून
दिनांक: सोळा नोव्हेंबर