आईच्या मडक्यातलं लोणी

सावेलुगू,
४ जानेवारी

समाताताईस,

सलाम. कुमासीत सगळे बरे असाल, धाकट्याचा खोकला गेला असेल. इकडे धुळीचा वारा सुटलाय. ओठ फुटलेत, टाचा फुटल्यात, तुओ झाफीच्या घासागणिक दाताखाली वाळू लागते. फोनच केला असता, पण तुझ्या घरी स्पीकर लावून माझा आवाज अख्ख्या अंगणाला ऐकवतात.

आईच्या खोलीबद्दल लिहायचंय. दफन झालं तरी शेवटची क्रिया होईपर्यंत तिच्या भांड्यांना हात लावायचा नाही, हे तूच मला बजावून गेलीस. मी नुसती सकाळी झाडायला जाते. कोपऱ्यात तिचं शियाच्या बियांच्या लोण्याचं मडकं आहे, तिने घोटलेलं शेवटचं. मागच्या आठवड्यात झाकण बाजूला पडलेलं दिसलं. लोण्यावर बोटांचे ओरखडे होते. एक बोट, मग रिकामी जागा, मग दोन बोटं. आईचं मधलं बोट गिरणीत गेलं होतं, ते तुला सांगायला नको.

खोटं कशाला बोलू, मी तळहाताने लोणी सपाट केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच ओरखडे, तसेच. त्या खोलीत पाठ फिरवायची मला भीती वाटायला लागली. उलट्या पावलांनी झाडत झाडत बाहेर यायचे. शेजारीण हसली, "काय गं बारिकिसू, राजाच्या दरबारातून येतेस का?"

मग एका सकाळी मडक्यापाशी आपली तियुम्बाच सापडली. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच संताप आला.

"आजीचं लोणी चोरतेस? तेही तिच्यासारखं बोट दुमडून? मला घाबरवायला?"

पोरगी रडायला लागली. "आई, मी बोट घालतच नाही. हा बघ चमचा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलंय, मडक्यात हात बुडवायचा नाही, घाण जाते."

चौदा वर्षांची पोर एकटी दवाखान्यात जाऊन आली होती, ताई. तिला खाली खाज येते. वर्गात बसवत नाही, म्हणून शाळा बुडवायची, आणि मी तिला आळशी म्हणत होते.

मी तिला घेऊन नर्सबाईंकडे गेले. डेदे त्यांचं नाव, समुद्राकडच्या आहेत, बोलायला अजिबात लाजत नाहीत. "योनीच्या बाहेरची कातडी कोरडी पडते, मग खाजते. साबण बंद. वास न घातलेलं साधं लोणी किंवा मलम घ्यायचं, साबणाऐवजी त्यानेच धुवायचं, पुसून वरून पुन्हा हलक्या हाताने लावायचं. दिवसातून हवं तितक्या वेळा." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? आल्यापासून खुर्चीवर नुसत्या चुळबुळताय."

इतकं लिहून मी उठून पाणी पिऊन आले. आता लिहितेच. मलाही आहे. पाऊस संपल्यापासून. काळा साबण, कढत पाणी, मीठ, वर लोण्यात मेन्थॉलचा बाम कालवून, सगळं करून झालं. ते ऐकून डेदेबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही मासे खारवताय का?" मला हसू आलं आणि रडूही. मग त्यांनी तपासलं आणि त्यांचं हसणं थांबलं. कातडी पांढरी, कागदासारखी झालीय. लोण्याने आराम पडेल, पण हे नुसत्या लोण्याचं काम नाही, औषध लागेल, आणि बारीकशी जखम आहे ती तामालेच्या मोठ्या डॉक्टरांनी बघायलाच हवी, म्हणाल्या.

आई तेच मडकं मांडीशी घेऊन बसायची. खाली काय होतंय ते कुणाला दाखवलं नाही तिने. शेवटी जो वास यायचा, त्याला आपण म्हातारपणाचा वास म्हणालो. मला तसं मरायचं नाही, ताई. फार भीती वाटते.

चार दिवसांपूर्वी मी तियुम्बासाठी आणि माझ्यासाठी बाजारातून वेगळं लोणी आणलं. खाज खरंच उतरलीय, पोरगी शाळेत गेली. काल आईच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला.

आज सकाळी उघडलं. झाकण बाजूला. एक बोट, रिकामी जागा, दोन बोटं. लोणी अर्ध्यावर आलंय.

या वेळी मी सपाट केलं नाही. पाठ फिरवून नीट झाडलं, चमचा मडक्याशी ठेवला आणि म्हटलं, घे आई, लाजू नकोस.

सोमवारी तामालेला जायचंय. माझे एकटीचे पाय उचलणार नाहीत, तू ये. आणि ताई, लहानपणी तू न्हाणीत इतका वेळ दार लावून बसायचीस, बाहेर आलीस की डोळे लाल असायचे. तेव्हा विचारलं नाही, आता विचारते. उत्तर लिहू नकोस, सोबत घेऊन ये.

वाट बघतोय आम्ही तिघी,
तुझी बारिकिसू