तुझ्या शहरात आमचा एक मुक्काम

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कळ येते का अजून, की जिना बंद आणि नुसती कुरकुर चालू? (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.) इकडे सगळं ठीक. मुलं वाढताहेत, सासूबाई खुटखुटीत आहेत. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आमच्या एका खोलीत फोन म्हणजे जाहीर सभा, आणि आई डोळे मिटून पडल्या असल्या तरी त्यांचे कान ड्युटीवर असतात. म्हणून बेकरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. पीठ झटकून वाच.

तर बातमी अशी, की येत्या शनिवारी आम्ही दोघं तुझ्या शहरात एक रात्र उतरणार आहोत. यांच्या आत्याच्या गावी तिच्या घराच्या कागदांवर आम्हा दोघांच्या सह्या हव्या आहेत. आमची गाडी तुझ्याकडे संध्याकाळी पाचला पोचते आणि पुढची गाडी थेट सकाळी सातला. मध्ये अख्खी रात्र अडकली, त्याला आम्ही तरी काय करणार? नाइलाज आहे.

आमचं तुला ठाऊकच आहे. मी पहाटे साडेतीनला बेकरीत भट्टीपाशी, हे रात्री नऊपासून बर्फाच्या कारखान्यात. (एकजण भाजून निघतं, एकजण गारठून, म्हणून संसार कोमट चालला आहे असं हे म्हणतात. यांना विनोद सुचतात ते नेमके साडेआठला, डबा हातात घेऊन दारात उभे असताना.) हे घरी येतात तेव्हा मी गेलेली, मी येते तेव्हा हे झोपलेले. यांच्या सुट्टीच्या रात्री आई, दोन मुलं आणि मी एवढ्यांतच खोली भरते, मग हे आपली वळकटी उचलून गच्चीवर जातात. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली अकरा अशी. बोलणं उरलंय ते फडताळातल्या वहीत. 'गॅस आणला.' 'धाकट्याला ताप, औषध दिलं.' 'तुमचा सदरा उसवलाय, घालू नका.' ताई, कधीकधी दुपारी मी ती वही उगाच उघडते, काही नवीन लिहिलंय का बघायला. फार आठवण येते ग मला यांची, आणि माणूस तीन हातांवर घोरत असतो.

मुक्कामाचा बेतही वहीतच झाला. मी लिहिलं, खर्च बेताचा हवा. यांनी ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर फुकटात होणाऱ्या गोष्टींची यादी: सात मजली इमारतीतली लिफ्ट (वर जा, खाली या, तिकीट नाही), मोठ्या दुकानातला सरकता जिना, नदीवरचा पूल आणि स्टेशनातला वजनकाटा. वजनकाटा मी खोडला, कारण त्याला नाणं लागतं आणि शिवाय वजन कळतं. जेवायला पाव इथूनच नेणार. राहायला स्टेशनामागचा लॉज, पंख्याची खोली. एसीची परवडत नाही, आणि यांना गारव्याचं नावही नको. इथवर सगळं बरं होतं. मग यांनी कारखान्यातल्या सवयीने रात्रीचा तक्ता आखला. सात ते आठ फिरणं, आठ ते नऊ जेवण, नऊ ते दहा गप्पा. त्यापुढे काय, तर दहा ते दोन झोप मी घ्यायची आणि दोन ते सहा यांनी. सामानावर कुणीतरी जागं राहायला हवं म्हणे. सामान काय, तर एक पिशवी, दोन जोड कपडे आणि आत्यांसाठी घेतलेली छत्री. अकरा वर्षांनी एक रात्र हाताला लागली, तर या बाबाने तिच्याही पाळ्या लावून ठेवल्या. मी तांबड्या पेनाने काट मारली आणि खाली लिहिलं, 'पिशवी मी उशाखाली घेईन, तुम्ही जास्त डोकं चालवू नका.' दोन दिवस वही कोरी. तिसऱ्या दिवशी नवा तक्ता, दहापर्यंत जुनाच, आणि पुढे एवढंच: 'दहानंतरचं काय लिहायचं ते सुचत नाही.' भट्टी पुढ्यात नसताना मला घाम फुटला.

आणि नेमकी ती वही आईंच्या हाती लागली. (एरवी चष्मा सापडत नाही म्हणणाऱ्या बाईंना खोडलेलंही वाचता येतं.) त्या म्हणाल्या, सख्ख्या बहिणीचं घर असताना लॉज कशाला? त्यापेक्षा मीच येते बरोबर, धाकट्यालाही घेऊ. मी ठोकून दिलं, लॉजचं आता रद्दच केलंय, ताईकडेच उतरणार, पण भावोजींचा गुडघा बघता जास्त माणसं नकोत. तेव्हा गुडघा निदान शनिवारपर्यंत बरा होऊ देऊ नकोस.

ताई, तुझ्या शहरात येऊन तुझ्या घरी न येणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. मनात काही धरू नकोस. पण मला एकदा ऐकायचंय, यांचा रात्री बोलतानाचा आवाज कसा असतो ते. मी विसरले आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. शनिवारी आईंचा फोन आला तर सांग, दोघं दमून आली होती, आत्ताच पाठ टेकली.

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? आत्यांच्या गावाला इथून थेट गाडी आहे. तिकीटही कमी पडतं. कुणाला बोलू नकोस.

ता. क. आता खरं काम. रात्रीचे नऊ वाजले की मी बसल्या जागी आडवी होते. पिठाच्या पोत्यावरही झोपले आहे. त्या रात्री तसं झालं तर सगळंच मुसळ केरात. लॉजचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. बरोबर दहाला फोन कर आणि मला उठव. मी खेकसले तरी सोडू नकोस.

ताई, नमस्कार. हे मी लिहितोय, तिचा नवरा. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. वाचलं, माफी असावी. तुम्ही दहाला फोन करू नका. मी घरी येतो तेव्हा तिचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं असतं. तिला झोपलेली मी अकरा वर्षांत पाहिलेली नाही. झोप लागली तर लागू दे. मला रात्रभर जागायची सवय आहे.