नथूकाकाचा घास

लोहगडवाडी, ६ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो. कार्ल्याला दिव्यांगांच्या निवासात तू मदतनीस झालीस, आनंद आहे. पण रबरी बाहुल्याच्या पाठीत दणके घालतानाचा तुझा फोटो पाहून वाडीभर हसू झालं. याला प्रथमोपचार म्हणतात होय? तुझा नथूकाका जन्मापासून अधू. आमची आई गेल्यापासून मीच त्याला भरवतो, कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही. आता तू म्हणे शिकवणार, भाकरी कालवून द्या, मान मागे टाकू नका. उपकार झाले!

लोभ ठेव, उपदेश आवर.

कोंडाजी

कार्ले, ११ ऑगस्ट

ती. आबांस अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इथे वाचून दाखवलं. सगळे हसले, तुम्हालाच. पंचमीला काकाला ठसका लागला तेव्हा तुम्ही टाळू थापटलीत, वर पाणी पाजलंत आणि म्हणालात, कुणीतरी आठवण काढली. आठवण काढणाऱ्याने घास काढला असता तर आमचं प्रशिक्षणच नको होतं! काका खोकत होता म्हणून निभावलं. आवाजच बंद झाला, तर पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात दणके द्यायचे आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. पाणी नाही. आईला हे वाचून दाखवा, ती निदान ऐकते. भीती वाटते आबा, म्हणून टोचून लिहिते.

रागवा, पण लोभ मोडू नका.

अपेक्षा

लोहगडवाडी, १९ ऑगस्ट

चि. अपेक्षास आशीर्वाद.

रविवारी आपल्या भज्यांच्या स्टॉलवर पर्यटकांची झुंबड. मी नथूच्या तोंडात कांदाभजं कोंबलं आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. वळून पाहतो तर तो निळा पडलेला, आवाज नाही. शहाणे जमले. एक म्हणाला टाळू थापटा, दुसऱ्याने शूटिंगला मोबाईल वर धरला. आणि मी, तुझा दीडशहाणा बाप, तांब्या घेऊन धावलो. तुझ्या आईने तांब्या हिसकावून फेकला, त्याला वाकवलं आणि असे दणके घातले की भजं शूटिंगवाल्याच्या बुटावर पडलं. डॉक्टरांनी तपासलं, नथू बरा आहे.

पण तेव्हापासून तो माझ्या हातचं खात नाही. तुझ्या आईकडून खातो. मी जवळ गेलो की ओठ मिटतो. भाकरी दुधात कालवली, मान सरळ धरली, तरी नाही. मला हवं तेवढं हस, पण सुट्टी काढून ये आणि त्याला सांग, दादा शिकला म्हणून.

तुझा लोभ आहेच. त्याचा परत मिळवून दे.

आबा