दंडातला उंदीर

प्रिय सर,

काल धाराशिवला माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एक आजी आल्या. हात आखडलेला. मी म्हटलं, "आजी, बेटकुळी काढून दाखवा बरं!" तर म्हणाल्या, "माझ्या दंडात कुठली आली बेटकुळी, बाई? हाडकं हायत नुसती." आम्ही दोघी हसलो आणि मला तुमची इतकी आठवण आली, की आज लिहायलाच बसले.

आठवतं ना, दहावीत फळ्यावर 'मसल' लिहिताना मी त्यातला सी खाल्ला होता? अख्खा वर्ग 'मसाला, मसाला' म्हणून खिदळला. घरी येऊन मी जाहीर केलं, इंग्रजी नको आणि शाळाही नको. चौथ्या दिवशी तुम्ही भूमहून सायकल मारत आमच्या रानात हजर!

वाटलं, आता ओरडणार. तुम्ही बाही वर सारली, दंड फुगवला आणि विचारलंत, "हे काय हाय गं?"

"बेटकुळी."

"व्हय. आपल्याला दंडात बेडूक दिसला, रोमच्या लोकांना उंदीर. मुस्कुलस, म्हंजी छोटा उंदीर. त्याचाच झाला मसल. सी हे त्या उंदराचं शेपूट. बोलताना दिसत न्हाय, पर तोडायचं न्हाय. आन् ती माणसं बी आपल्यावानीच दंड फुगवून बघणारी. त्यांच्या भाषेला काय भ्यायचं?"

मी पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मसल म्हणजे ताकदसुद्धा, हे तुम्ही पुढं वर्गात सांगितलंत. मला ते रानातच कळलं होतं.

पण सर, एक भांडण आहेच! अर्धांगवायूनं तुमचा डावा हात गेला, तेव्हा मी दर रविवारी भूमला येऊन व्यायाम शिकवायचे. गृहपाठ नसला की आम्हाला बाकावर उभं करणारे तुम्ही, आणि 'व्यायाम केला का' विचारलं की खिडकीबाहेर बघायचात! काकू मागून हातानंच 'नाही' म्हणून सांगायच्या.

शेवटच्या रविवारी मी आले नाही. घरी पाहुणे होते, म्हटलं पुढच्या वेळी जाऊ. मंगळवारी तुम्ही गेलात. दहाव्याला काकू म्हणाल्या, "त्या रविवारी सकाळपास्नं बाही वर करून बसले हुते बघ. उंदीर हलला म्हनले, सुनंदाला दावायचाय."

म्हणजे व्यायाम करत होतात तर! मला न सांगता! मी तिथंच काकूंच्या गळ्यात पडून रडले.

मी शाळेत परतले ती तुमच्यामुळं. आज माझ्या हाताखाली चार माणसांचे हात हलतात, तेही तुमच्यामुळं. किती आभार मानू? आता शब्द देते, सर: कुणाचा आखडलेला हात हलायची वेळ आली, तर तो बघायला मी तिथं असेन. आजींना गुरुवारी बोलावलंय.

तुमची,
सी न विसरणारी मसाला