एकाच झुडपावर दोन फुले

२८ डिसेंबर २००३, रविवार

एकाच गुलाबाच्या झुडपावर दोन जातींची फुले कशी येतात? कोणाच्या ना कोणाच्या अंगणात हे दिसतेच. आज आमच्या एकलहऱ्याच्या क्वार्टरमागे दिसले. खाली माझ्या बायकोचा, विमलचा, बुटका, गुलाबी गुलाब. त्याच्या डोक्यावरून गेलेल्या लांब फांदीवर बारीक पांढऱ्या फुलांचा घोस.

कारण मोठे सुंदर आहे. नर्सरीवाले जंगली गुलाबाच्या खुंटावर आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, भरतात. मुळे जंगलीची, फुले आपली. जोडाच्या खालून फूट आली तर ती जंगलीच. तिला वाढू दिले की वरच्या कलमाचे अन्न तुटते.

वाढू मीच दिले. पाच वर्षांपूर्वी विमल गेली. अस्थी रामकुंडावर नेऊ नका, माझ्या गुलाबाखाली पुरा, असे तिनेच सांगून ठेवले होते. छोट्या मडक्यात पुरल्या. त्यानंतर त्या झाडाला कात्री लावायला कोणाचाच हात धजावला नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याचाही.

४ जानेवारी २००४

मी निवृत्त झालो. ३१ तारखेपर्यंत क्वार्टर सोडायचे. मनाली पेठहून आली होती, तिथल्या शाळेत शिकवते. सामानाची यादी करता करता म्हणाली, "बाबा, आई आपल्याबरोबर येणार, की इथंच राहणार?"

तिची आई म्हणजे ते झुडूप. न्यायचे ठरले. जगवायचे मी कबूल केले. पण आधी जंगली फांदी काढावी लागेल.

बयाआक्का, माझी थोरली बहीण, दारातूनच म्हणाली, "पांढरं फूल विमलचं हाय. ती गेल्यावरच आलं ना ते? कापू नको."

मी तिला खुंट, डोळा, जोड, सगळे काडीने जमिनीवर काढून दाखवले.

"लय शिकला माझा भाऊ," आक्का म्हणाली. "शाळा सुटली तरी फळा सुटंना."

मनाली खूप दिवसांनी हसली.

११ जानेवारी

माती बाजूला करून पांढरी फांदी उगमापासून काढली. आक्काने चहाही घेतला नाही.

१८ जानेवारी

त्याच जागी सात नव्या फुटी. एका आठवड्यात, एवढ्या थंडीत! जोर खुंटात साठलेला असतो, हे खरे. पण सातही घराकडेच वळलेल्या. ऊन मात्र पलीकडून येते. काढल्या.

२५ जानेवारी

झाड खणले. मडके अखंड निघाले. आत मुळ्यांचा घट्ट गोळा, मडक्याच्याच आकाराचा. राख नाही, हाडाचा एकही तुकडा नाही.

हाडांत स्फुरद असते, मुळ्या त्याच्याकडे धावतात. पाच वर्षांत हे होऊ शकते. मनालीला तसे सांगितले. तिने विचारले, "म्हणजे आई आता नेमकी कुठंय, बाबा?"

याला उत्तर शास्त्रात आहे. मी मुळ्यांचा गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळायला घेतला.

२६ जानेवारी

नाशिकरोडच्या नव्या घरी लावले. पानांचा भार कमी केला, पाणी दिले, गोणपाटाची सावली केली. कुठेही कुचराई केली नाही.

३ फेब्रुवारी

पाने गळली.

८ फेब्रुवारी

फांद्या टोकाकडून काळ्या पडत आहेत. काळेपण जोडापर्यंत आले. कलम पाच वर्षे अर्धपोटी राहिले होते. हा धक्का त्याला सोसला नाही. चूक जानेवारीतली नव्हे, पाच वर्षांची आहे.

मनालीचा फोन आला. "आई कशी आहे?"

"रुजतंय," म्हणालो.

१५ फेब्रुवारी

आक्का पाहून गेली. कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "मी सांगत होते." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागले.

पुढच्या रविवारी मनाली येणार. खरे सांगायचे ठरवले आहे.

२२ फेब्रुवारी

सांगायची वेळच आली नाही. सकाळी मनालीने अंगणातून हाक मारली, "बाबा, उमललंय!"

मधल्या काळ्या फांदीच्या टोकाला गुलाबी फूल. वाटले, पोरीने बांधले असेल. धरून हलवले, देठ फांदीतूनच निघाला आहे.

फांदी जिवंत की मेलेली, हे कोणालाही तपासता येते. नखाने साल खरवडावी. आत हिरवे तर जिवंत. तपकिरी, कोरडे तर मेलेली.

फुलाखाली तीन ठिकाणी खरवडले. तिन्ही ठिकाणी तपकिरी.