रेडिओतले ठोके

नाना, दोंडाईच्याच्या त्या घराबद्दल आपण पुन्हा कधीच बोललो नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झाले, तरी ते राहिलंच. धुळ्याच्या आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात मी तुमच्या शेजारी बसून तारांना कथलाचे डाग द्यायचे. तुमची नजर कमी झालेली, म्हणून रेडिओतले कंडेन्सर बदलायला तुम्हीच मला शिकवलं होतं. एक दिवस दोंडाईच्याचे कापडवाले मारवाडी शेठ स्वतः आले. म्हणाले, "सेट इथे आणता येत नाही. सूनबाई हलवू देत नाही." मग खाली बघत, "मुलीलाही घेऊन या."

ती माझ्याच वयाची होती. तिचा नवरा त्याच खोलीत, त्याच रेडिओवर बातम्या ऐकता ऐकता हृदय थांबून गेला होता. काही आठवड्यांनी त्या रेडिओतून ठोके येऊ लागले, आणि ती तिथून उठेना. घासभर खायची, रडायची मात्र नाही. सासू त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती. शेठजी खटका दाबतात. आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू लाल होतात, आणि मग धप्... धप्... धप्. ना गाणं, ना शब्द. स्पीकरवरचं कापड हलतंय. ती त्यावर तळवा ठेवते आणि मला सांगते, "जिना चढून आले की त्यांच्या छातीत असंच व्हायचं." भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही हसला नाहीत. तिच्यासमोर खाली बसलात. "ह्यातला एक कंडेन्सर सुकलाय, माय. वीज धरून ठेवायची आणि लागेल तशी सोडायची, हे त्याचं काम. ते जमेना, म्हणून असा आवाज येतो. नवा घातला की थांबेल. घालू का, तू सांग." शेठजी काही बोलणार होते, तुम्ही हात वर केलात. तिचा तळवा कापडावरच होता. मग तिने विचारलं, "त्यांना त्रास होतोय का?"

"सेटला होतोय," तुम्ही म्हणालात. "असाच राहिला तर जळेल."

तिने हात काढून घेतला.

प्लग काढून तुम्ही स्क्रूड्रायव्हर टेकवलात, साठलेली वीज चट्‌कन ठिणगी होऊन उडाली. मी जुना कंडेन्सर काढला. बुडाशी फुगून, आतला रस गळून चिकट झालेला. नवा बसवला, सेट लावला, तर कुणीतरी खणखणीत आवाजात बाजारभाव वाचत होतं. सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. तुम्ही सेट बंद करून पुन्हा सगळी वीज उतरवलीत, मी मागचं झाकण लावलं. प्लग काढलेली वायर गुंडाळून माझ्या मांडीवर होती. चहा आला, पिऊन झाला. आणि तेव्हा, धप्. थोड्या वेळाने आणखी एकदा, धप्. कापड हललं.

"भाऊ, ऐकलंत?" तिने तुम्हाला विचारलं.

तुम्ही माझ्या मांडीवरच्या प्लगकडे पाहिलंत. कपबशी खाली ठेवलीत. गिऱ्हाइकांशी तुम्ही कधी बोलत नव्हतात ती आपली घरची बोली तुमच्या तोंडून आली, "माले काहीच ऐकू उनं नही, माय."

ती तुमच्याकडे बघत राहिली. मग मोठ्याने रडली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. सासू धावत आत आली आणि तिला पोटाशी धरलं. त्या रात्री ती पोटभर जेवली, हे शेठजींनीच नंतर दुकानात येऊन सांगितलं. पुढे ती चोपड्याला माहेरी गेली, शिकली, शाळेत शिक्षिका झाली. त्या दिवशी परतीच्या एसटीत तुम्ही एवढंच विचारलंत, "डाग पक्का होता ना?" मी हो म्हटलं. धुळं येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

जळगावला आल्यावरही मी पुष्कळ सेट उघडले. कुणी हा किस्सा काढला की सांगते, कुठेतरी वीज उरली असेल. ती तुम्ही उतरवली होती, हे सांगत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. नाना, मला ऐकू आलं होतं. आणि ते थांबलं तेव्हा भीती नाही वाटली. आणखी एकदा यावं, असं वाटलं.