चिंगी इथवर आली

प्रिय चिंगी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. फोन सोडून ताईला पत्र कसं सुचलं, ते शेवटी सांगते. आई बरी आहे. तिचा लोकरीचा खण चार महिने बंद होता, तो पंधरवड्यापूर्वी उघडला.

आईच्या स्वेटरवर बाळाचं नाव विणून द्यायची कल्पना तुझीच. आपल्या ऑनलाइन दुकानात ‘नाव लिहा’ ही चौकट तू बसवलीस, ती चालवणारी संगणकातली स्क्रिप्टही तूच लिहिलेली. कुठल्या कुठल्या पोरांची नावं आई दिवसभर घोळवत बसायची! मग एकाएकी नावाच्या ऑर्डरी थांबल्या. साधे स्वेटर जायचे, नावाचा एकही नाही. आईने ठरवूनच टाकलं की आपली नजर गेली, टाके वाकडे पडतात आणि लोकांना ते दिसतं. अर्धा झालेला निळा स्वेटर तिने माझ्यासमोर उसवला आणि सुया डब्यात घातल्या. मी तुला फोन केला, तर म्हणालीस, सीझन नाही ताई, डोकं नको लावूस. मी नाही लावलं. तुझा शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ.

तरी स्वतः दहादा ऑर्डर टाकून पाहिली होती, दर वेळी बिनबोभाट गेली. मग एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, की नातवाचं नाव लिहिलं की भलतंच दुकान उघडतं. शेजारणीच्या फोनवर पाहिलं, तर खरंच! मालक म्हणून लॉगिन केलेलं असलं की सगळं सुरळीत, परक्याला मात्र दुसरं दार. वाटलं, कुणी चोर शिरला. लॉगिन न करता, तुला शिकवलेल्या पद्धतीनेच शोधायला बसले. स्क्रिप्टच्या प्रत्येक पायरीवर ‘ताई इथवर आली’ अशी ओळ टाकायची, म्हणजे गाडी कुठे अडते ते कळतं. गिऱ्हाईक जिथून दुसऱ्या दुकानाकडे वळतं नेमकं तिथे, माझ्या दोन ओळींच्या मधे, पडद्यावर तिसरीच उमटली. ‘चिंगी इथवर आली.’ काम झालं की त्या ओळी पुसाव्यात, हे तुला किती वेळा बजावलं होतं!

आधी मला हसूच आलं, खरं सांगते. मग ते दुसरं दुकान नीट पाहिलं. मशीनवर विणलेले स्वेटर, तशीच नावाची चौकट, खाली तुझा नंबर. अगं, वेगळं दुकान काढायचं होतं तर सांगायचंस, मीच उभं करून दिलं असतं. तू आईची गिऱ्हाइकं पळवलीस, आणि मला दिसू नये याची काळजी घेऊन पळवलीस. केसाने गळा कापलास माझा. तिने स्वेटर उसवला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तू घाईने फोन ठेवला होतास. मला वाटलं, तुला वाईट वाटलं.

स्क्रिप्ट मी दुरुस्त केली. आईला एवढंच सांगितलं, की दुकानात बिघाड होता, तुझ्या विणीत काही खोट नव्हती. तिने लगेच सुया काढल्या. म्हणाली, चिंगीनेच शोधला असणार, पोरीला पत्र लिही, माझ्याकडून शाबासकी दे. म्हणून हे पत्र. सोबतचा स्वेटर त्याच उसवलेल्या निळ्या लोकरीचा आहे, छातीवर तुझं नाव आहे. चार महिन्यांनी तिच्या हातून उतरलेलं हे पहिलं नाव. मी तिच्यापाशी तोंड उघडलेलं नाही, उघडणारही नाही. हा अंगात घालून ये आणि काय ते तूच तिला सांग.

अजून तरी तुझीच,
ताई